तलावाचा पंप बॅटरीवर नको

प्रश्न : गुहागरजवळ आमचं घर आणि लहानसा स्विमिंग पूल आहे. वीज सारखी जाते, जनरेटरचं डिझेल परवडत नाही. सोलर बसवावं का?

उत्तर : जरूर बसवा, पण साधं ऑन-ग्रिड नको. लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ते वीज जाताच बंद पडतं. भर उन्हातही घरात अंधार. हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. बॅटरीवर फक्त दिवे, पंखे, फ्रिज, वायफाय.

पूलचा पंप मात्र बॅटरीला जोडू नका, हे कळकळीने सांगतो. दीड अश्वशक्तीचा पंप चार तासांत सुमारे सहा युनिट खातो. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत पूर्ण भरल्यावरही दोन युनिट नसतात. टायमर लावून तो सकाळी दहा ते दोन थेट उन्हावर चालवा. पावसाळ्यात निर्मिती घटते, तेव्हा वीज असेल त्या वेळी. एखादा दिवस पंप बंद राहिला तरी क्लोरीनची मात्रा योग्य ठेवली तर पाणी सहसा बिघडत नाही. पूलवर आच्छादन घाला. पालापाचोळा आणि बाष्पीभवन दोन्ही आटोक्यात राहतं.

घरगुती जोडणी असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीचेच लागतात, बॅटरीचा खर्च तुमचा.