पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा

प्रश्न : मी शिक्षिका आहे. दिवसभर उभं राहून पोटरीवरच्या शिरा फुगल्या आहेत, संध्याकाळी पाय जड होतात. हातांना असं का होत नाही?

उत्तर : ताई, धमन्यांतल्या रक्तामागे हृदयाचा जोर असतो, म्हणून त्यांच्या भिंती जाड. शिरांपर्यंत तो जोर फारसा उरत नाही. पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीचे स्नायू आवळले जातात म्हणून, आणि शिरांतल्या इवल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने १६२८ साली हे फार सुंदर दाखवलं : दंड बांधून फुगलेल्या शिरेतलं रक्त बोटाने मनगटाकडे ढकललं, तर ते झडपेशी अडतं.

हात हृदयाजवळ, पायातल्या रक्ताला लांबचा चढ. नुसतं उभं राहिलं की पोटरी स्वस्थ, रक्त साचतं, शीर ताणते आणि झडपेच्या पाकळ्या नीट मिटत नाहीत. शिकवताना टाचा वर-खाली करा, वर्गात फिरा, घरी पाय उशीवर ठेवा. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर तपासणी करून घ्या. दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारूनच. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.