व्याज उतरलं, आता बचत कुठे ठेवायची?



सध्या कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, बँकेत व्याजच मिळेना, मग पैसा तिथं ठेवून उपयोग काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून या अंकात आपण हाच विषय घेऊ. पासबुक आणि कर्ज खतावणी जवळ घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

व्याज का उतरलं?

रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीसाठी पैसे देते, त्याला रेपो दर म्हणतात. 2025 च्या सुरुवातीला हा दर 6.5 टक्के होता. टप्प्याटप्प्याने कमी होत तो डिसेंबर 2025 मध्ये 5.25 टक्क्यांवर आला. रेपो उतरला की कर्ज स्वस्त होतं, पण ठेवीवरचं व्याजही उतरतं. मोठ्या सरकारी बँकांत बचत खात्यावर आता अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज आहे. म्हणजे हजार रुपये वर्षभर ठेवले तर हातात 25 रुपये.

पहिलं काम: महागडं कर्ज फेडा

समजा, एका ताईंच्या खात्यात 10,000 रुपये आहेत. त्याच वेळी त्यांच्यावर सावकाराचं 10,000 रुपये कर्ज आहे, महिना शेकडा 5 रुपयांनी. बचतीवर वर्षाला 250 रुपये मिळतात आणि सावकाराला वर्षाला 6,000 रुपये जातात! बचत काढून कर्ज फेडलं तर 250 बुडतात, पण 6,000 वाचतात. एवढा फायदा कुठलीच बँक देत नाही. घरात अडीअडचणीला पैसा लागतो म्हणून सगळी बचत मोडवत नसेल, तर निदान अर्धं कर्ज तरी फेडा. उरलेल्यासाठी गटातून कमी व्याजाने कर्ज घेता येतं का, ते बैठकीत विचारा. लाजू नका, गट त्यासाठीच आहे.

दुसरं काम: गटाचा पैसा फिरता ठेवा

दहा जणींच्या गटाचे 40,000 रुपये खात्यात नुसते पडून असतील, तर वर्षाला साधारण 1,000 रुपये व्याज येतं. तीच रक्कम महिना 1 टक्का दराने अंतर्गत कर्जात वर्षभर फिरली, तर 4,800 रुपये येतात.

पण एक गोष्ट विसरू नका. हे व्याज आपलीच एखादी ताई भरत असते. म्हणून जास्त नफा काढायचा म्हणून दर वाढवू नका. तिला सावकाराच्या दारात जावं लागलं नाही आणि व्याज गटातच राहिलं, हा खरा फायदा आहे. शिवाय परतफेड वेळेवर झाली तरच हा हिशेब जुळतो. हप्ते थकले तर 4,800 कागदावरच राहतील.

कर्जाची मागणी नसेल तर आजारपण-अडचणीपुरती रक्कम बचत खात्यात ठेवून बाकीची गटाच्या नावाने बँकेत मुदत ठेव करा. ठराव इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मात्र "कर्ज हवं असेल तर आधी ठेव ठेवा" असं कुणी म्हटलं, तर लगेच हो म्हणू नका. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना कर्ज देताना बँकेने ठेवीचा आग्रह धरायचा नाही, गटाचं बचत खातंही अडवून ठेवायचं नाही, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. असं घडलं तर संघाला कळवा.

तिसरं काम: स्वतःच्या बचतीसाठी पोस्ट बघा

पोस्टाचे दर केंद्र सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं. 2025 च्या शेवटच्या तिमाहीतले दर असे होते:

- आवर्ती ठेव (आर.डी.), 5 वर्षं: 6.7 टक्के. महिना 100 रुपयांपासून सुरू करता येते. महिना 500 भरले तर 30,000 चे साधारण 35,680 होतात.
- मुदत ठेव: 1 वर्षाला 6.9 टक्के, 5 वर्षांना 7.5 टक्के.
- किसान विकास पत्र: 7.5 टक्के. 115 महिन्यांत पैसे दुप्पट.
- सुकन्या समृद्धी: 8.2 टक्के. मुलगी 10 वर्षांच्या आतली हवी. वर्षाला किमान 250 रुपये.
- ज्येष्ठ नागरिक बचत योजना: 8.2 टक्के. सासू-सासऱ्यांचं वय 60 च्या पुढे असेल तर त्यांच्यासाठी विचारा.

पैसे टाकण्याआधी चालू दर पोस्टात विचारून घ्या. महिला सन्मान बचत पत्र 31 मार्च 2025 ला बंद झालंय, त्यात आता नवीन पैसे घेत नाहीत. पोस्टाच्या या योजना व्यक्तीच्या नावावर असतात, म्हणून गटाचा पैसा कुणा एकीच्या नावाने तिथे टाकायचा नाही. आणि खातं उघडताना वारसाचं नाव लावायला विसरू नका.

जास्त व्याजाच्या मोहात पडू नका

बँकेतलं व्याज उतरलं की गावात "महिना पाच टक्के देतो" म्हणणारे फिरायला लागतात. त्यांना एकच विचारा: तुम्ही वर्षाला 60 टक्के देणार, तर तुमचा धंदा कमावतो किती? अशा योजनेत बहुतेक वेळा नव्या माणसाचे पैसे जुन्याला देतात, आणि नवे लोक थांबले की सगळं बुडतं. आणणारा ओळखीचा, नात्यातला असला तरी हिशेब तोच.

पोस्टातल्या पैशाला केंद्र सरकारची हमी आहे. बँकेतल्या ठेवीला, व्याज धरून, एका बँकेत एका व्यक्तीमागे 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. तिथे अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका. फसवणूक झालीच तर गप्प बसू नका, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात 1999 पासून वेगळा कायदा आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

1. गटाच्या खात्यात किती रक्कम पडून आहे आणि किती महिने, ते पासबुकातून मोठ्याने वाचा.
2. कुणावर बाहेरचं महागडं कर्ज आहे, त्यांना आधी बोलू द्या.
3. किती रक्कम कर्जात, किती ठेवीत, किती हाताशी, याचा ठराव घ्या.
4. 10 वर्षांच्या आतल्या मुली कुणाकुणाला आहेत त्यांची यादी करा. पोस्टात सगळ्या मिळून जाऊ.

हिशेब अडला तर तुमच्या सीआरपी ताईंना सांगा, नाहीतर मला बैठकीला बोलवा. कागद-पेन घेऊन येते, सोबत बसून करू.