आत्मसंरक्षण : पडद्यावरून, पुस्तकातून की मातीतून?

आपल्या होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर रात्री साडेदहानंतर एक चक्कर मारून बघा. एखाद्या तरी रूममधून "अगं, आधी मनगट फिरव, मग कोपर मार" असा आवाज ऐकू येतोच. कॉटवर उशीला टेकवून मोबाईल ठेवलेला असतो, त्यात काळ्या टी-शर्टातला कोणीतरी हल्लेखोराला पाच सेकंदांत लोळवायला शिकवत असतो आणि आपल्या दोघी त्याच्याबरोबर हवेत हात फिरवत असतात. मुलांच्या होस्टेलमध्येही हेच चालतं, फक्त तिथे भिंतीवर ब्रूस ली असतो (असं ऐकून आहे!).

यात हसण्यासारखं काही नाही. सबमिशनच्या दिवसांत उशिरा परतताना, शेवटच्या एसटीने उतरून स्टँडपासून गेटपर्यंत चालत येताना पोटात गोळा येतो, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. प्रश्न एवढाच, की असं शिकून खरंच काही येतं का? क्लास लावायला वेळ नाही, पैसे नाहीत, जवळपास धड क्लासही नाही. मग आपलं आपण किती शिकता येईल आणि गाडी नेमकी कुठे अडते? याचा आपल्या म्हणजे इंजिनिअरिंगच्या पद्धतीने थोडा विचार करू. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

आधी एका होस्टेलवासी मुलाची गोष्ट. जिगोरो कानो हे नाव ज्युडो खेळणाऱ्यांनी ऐकलेलं असेल. जन्म १८६०, जपान. अभ्यासात हुशार, अंगाने किरकोळ, उंची जेमतेम पाच फुटांच्या वर. किशोरवयात निवासी शाळेत गेल्यावर दांडग्या मुलांनी त्याला भरपूर छळलं. आजच्या भाषेत रॅगिंगच ते! आपल्यापेक्षा बलवान माणसाला रोखता यावं म्हणून त्याला जुजुत्सु शिकायचं होतं, पण शिकवणारा मिळेना. शेवटी १८७७ मध्ये, टोकियोत विद्यापीठात शिकत असताना, फुकुदा हाचिनोसुके या गुरूंकडे त्याला प्रवेश मिळाला.

तिथे फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सीनियर होता. कानो त्याच्याकडून रोज हरायचा. मग त्याने काय केलं? लायब्ररी गाठली! पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकात त्याला एक डाव सापडला. प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरायचं, त्याला आपल्या दोन्ही खांद्यांवर आडवं घ्यायचं आणि पलीकडे टाकायचं. हाच डाव पुढे ज्युडोत ‘काता-गुरुमा’ म्हणजे खांद्याचं चाक या नावाने आला. म्हणजे पुस्तकातून शिकता येतं, हे सिद्ध झालं की!

पण थांबा. पुस्तक मिटून तो सरळ फुकुशिमासमोर उभा राहिला नाही. आधी मित्राला पकडून त्याच्यावर तो डाव करून बघितला. जमेपर्यंत बघितला आणि मग एके दिवशी फुकुशिमा खाली आला. आपल्या काळ्या टी-शर्टवाल्याच्या व्हिडिओत ही मधली पायरीच नसते.

१८८२ मध्ये कानोने टोकियोतल्या एका बुद्धमंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत स्वतःची शाळा काढली, ती कोदोकान. त्या वेळी तो आपल्यापेक्षा फार मोठा नव्हता, एकवीस वर्षांचा. जुन्या जुजुत्सुत डोळ्यांवर, गळ्यावर, मर्मांवर मारायचे भयंकर प्रकार होते. पण ते जोडीदारावर खरे करता येत नाहीत, नाहीतर जोडीदारच उरायचा नाही. म्हणून ते ठरलेल्या क्रमाने, अलगदच करावे लागत. कानोने असे प्रकार ‘काता’ म्हणजे बांधलेल्या सरावात ठेवले आणि मोकळ्या झटापटीसाठी पूर्ण ताकदीने करूनही कोणी जायबंदी होणार नाही असे डाव निवडले. या मोकळ्या झटापटीला ‘रान्दोरी’ म्हणतात. तिच्यात समोरचा पडायला तयार नसतो, तोही तुम्हाला पाडायला बघत असतो. हवेत गिरवलेल्या शंभर जीवघेण्या प्रकारांपेक्षा विरोध करणाऱ्या माणसावर रोज केलेला एक साधा डाव जास्त कामाला येतो, असा याचा सरळ अर्थ.

आपल्याकडच्या तालमीत वेगळं काय असतं? ताक, हळद, तेल घालून मऊ केलेली लाल माती, त्यात रोजची लढत आणि कडेला उभा वस्ताद. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच मातीतून तयार झाले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. (त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. आमच्या सरांनी घाबरू नये, आम्ही फक्त चटया मागतोय!)

आता मुद्द्यावर येऊ. एकट्याने काय शिकता येतं? माझ्या मते सगळ्यात आधी पडायला शिकावं. कोणी ढकललं तर, किंवा पावसाळ्यात मेसच्या पायऱ्यांवरसुद्धा, डोकं वाचवणं हेच पहिलं संरक्षण. मेकॅनिक्समधलं गणित आठवा : बुडाशी टेकलेला सरळ दांडा कोसळला तर टोकाचा वेग किती? दांडा १.६ मीटरचा धरला तर उत्तर सेकंदाला सुमारे ६.९ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २५ किलोमीटर. त्या टोकाला आपलं डोकं आहे. मोमेंटम तर बदलता येत नाही, पण थांबायला लागणारा वेळ आणि टेकणारं क्षेत्रफळ वाढवता येतं. म्हणून मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, गुडघे वाकवून आधी खाली बसायचं, पाठ गोल करून तिच्यावर लोळायचं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, असे सपाट आपटायचे. हात मागे टेकवून अंग सावरायला जाऊ नका, मनगटाची हाडं तशीच मोडतात. सुरुवात गादीवर, बसल्या जागेवरून. मग उकिडवं बसून, आणि उभ्याने सगळ्यात शेवटी. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल त्यांनी मात्र हे करू नये.

दुसरं म्हणजे उभं राहणं. पाय खांद्याइतके फाकवून एक पाय जरा मागे घेतला, गुडघे सैल ठेवले, की बेस रुंद होतो आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली येतं. याच्यासाठी क्लासची गरज नाही. धावण्यासाठी नाही, दोरीच्या उड्यांसाठी नाही. ओरडण्यासाठीही नाही, पण ते फार कठीण जातं बरं का! टेरेसवर जाऊन पोटातून "मागे हो!" असं ओरडून बघा. आम्हा मुलींना लहानपणापासून हळू बोलायची इतकी सवय लावलेली असते, की पहिले आठ-दहा प्रयत्न नुसते कुजबुजल्यासारखे येतात. रेक्टर मॅडमना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

आणि बुक्की? शिकलेली नसेल तर वापरू नका. कवटी टणक असते. न शिकलेल्याने डोक्यावर बुक्की मारली की करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड मोडतं, आणि त्याला डॉक्टर चक्क ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. त्यापेक्षा तळहाताचा मनगटाकडचा भाग बरा.

गाडी अडते ती इथून पुढे. मनगट सोडवण्याचंच उदाहरण घ्या. पकडीत चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. जिथे बोटं आणि अंगठा भेटतात ती फट सगळ्यात कच्ची. आपलं कोपर त्याच्या कोपराकडे नेत हात त्या फटीतून फिरवला तर पुढचा हात तरफेसारखा चालतो आणि पकड सुटते. समजलं? समजलंच. आता मैत्रिणीला म्हणा, "धर, पण खरंच धर." बहुतेकींचं पहिल्यांदा सुटत नाही. कारण ती ओढते, दुसऱ्या हाताने केस धरते, आपण श्वास रोखून बसतो, आणि नेमकी वेळ व अंतर कुठल्याच आकृतीत काढलेलं नसतं. हे फक्त माणसावरच शिकता येतं. म्हणून क्लास नसला तरी जोडीदार हवाच. आधी हलकी पकड, मग निम्मी, मग पूर्ण. दोनदा थाप मारली की त्याच क्षणी सोडायचं, हा एक नियम मोडायचा नाही.

मध्यंतरी एका ठिकाणी दोन तासांची ‘सेल्फ डिफेन्स कार्यशाळा’ झाली. बावीस प्रकार दाखवले, जोडीदार खांबासारखे उभे होते, शेवटी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. बावीस! विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच दाखवून दिलं होतं, की पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळही वाढतो. दोन-तीन प्रकार पुरे, पण झोपेतून उठवलं तरी आले पाहिजेत.

याहून महत्त्वाची गोष्ट कॅनडातल्या एका अभ्यासात मिळते. तिथल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांत ९.८ टक्के, तर घेतलेल्यांत ५.२ टक्के निघालं. आणि त्या बारा तासांत हाणामारीचा भाग थोडाच होता. बाकी वेळ धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाकडूनही धोका असू शकतो हे स्वतःशी कबूल करणं आणि भिडेपोटी गप्प न बसणं, यावर गेला. हल्ला करणारा दर वेळी अंधारातला अनोळखी गुंड नसतो, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.

कायद्याचंही दोन ओळींत सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे (पूर्वी दंड संहितेत हेच ९६ ते १०६ होतं). बलात्काराच्या किंवा ॲसिडच्या हल्ल्यात हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि धोक्याची भीती संपली की हक्कही संपतो. पळून जाणाऱ्याला गाठून चोपलं तर ते स्वसंरक्षण नव्हे. आपल्याला तरी कुठे कोणाला लोळवायचंय? गेटपर्यंत धडधाकट पोचलो, ११२ ला फोन लागला, काम झालं. समोर चाकू असेल आणि त्याला मोबाईल हवा असेल तर मोबाईल त्याच्याकडे फेकायचा आणि उलट्या दिशेने पळायचं.

शेवटी, ज्यांना क्लास लावणं जमणार आहे त्यांच्यासाठी. कराटे, ज्युडो, बॉक्सिंग की आपली तालीम, यावर वाद घालत बसू नका. जे जवळ आहे तिथे जा, आणि पहिल्या दिवशी पैसे न भरता नुसतं कडेला बसून बघा. बघू देत नसतील तर प्रश्नच मिटला. मुली-मुलगे एकमेकांशी खरोखर झटतात का? नवीन आलेल्याला सीनियर सांभाळून घेतो का? शिकवणारे "चुकलं, पुन्हा कर" म्हणतात, की नुसते स्वतःच्या पदकांबद्दल बोलतात? तास संपेपर्यंत कोणाला घामच आला नसेल, आणि काउंटरवर ‘सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट’ असा बोर्ड असेल, तर चपला घालून परत या आणि आमच्या टेरेसवर या. रविवारी सकाळी सात वाजता, स्वतःची गादी घेऊन.