लाल विटांचा वास्तुकार : आडोल्फ क्लुस

‘अमेरिकेचा इतिहास’ या विषयासाठी गेल्या वर्षी आम्हां प्रत्येकाला एकेका व्यक्तीवर टिपण लिहावयाचे होते. वर्गातील बहुतेकांनी वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन अशी नावे घेतली. मी ‘आडोल्फ क्लुस’ असे सांगितले, तेव्हा शेजारच्या बाकावरून ‘हा कोण बुवा?’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. आपल्या क्रमिक पुस्तकांत हे नाव कोठेही नाही. मला ते ग्रंथालयात वॉशिंग्टन शहराविषयीचे एक पुस्तक चाळताना सापडले.

माझ्या निवडीचे कारण मात्र घरगुती होते. माझे वडील गवंडी आहेत. आमच्या तालुक्याच्या गावी त्यांच्या हातची पुष्कळ घरे आहेत, एका शाळेच्या दोन खोल्या आहेत. पण कोठल्याच भिंतीवर त्यांचे नाव नाही. इतिहासात बांधणाऱ्या माणसाला जागा किती, हा प्रश्न म्हणून माझ्या मनात फार दिवस होता. क्लुसच्या चरित्राने त्या प्रश्नाला उत्तर दिले, आणि त्याबरोबर दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे ठेवला. या लेखात दोहोंचा विचार करावयाचा आहे.

क्लुसचा जन्म १४ जुलै १८२५ रोजी जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग राज्यात, हाइलब्रॉन या गावी झाला. बांधकाम हा त्याच्या घरचाच व्यवसाय. वडील इमारतींची कामे करीत. आडोल्फ सुतारकाम शिकला, गाव सोडून हिंडला आणि पुढे माइन्झ शहरी रेल्वेच्या बांधकामात कामाला लागला. हा काळ लक्षात घेतला पाहिजे. जर्मनी तेव्हा एक राष्ट्र नव्हते. लहानमोठ्या राजांच्या हुकमतीखालील राज्यांचा तो समूह होता. कारागिरांचे धंदे यंत्रांपुढे बसत चालले होते. अशा वातावरणात हा तरुण कार्ल मार्क्सच्या साथीदारांत, कम्युनिस्ट संघात सामील झाला. १८४८ साली युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा माइन्झमधील कामगार शिक्षण संघटनेचा चिटणीस क्लुस होता. सर्व जर्मन कामगारांनी आपापल्या गावी अशा संघटना काढाव्यात, असे आवाहन त्या संघटनेने एप्रिल १८४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर क्लुसची सही आहे. त्या वेळी त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला. क्रांती फसल्यावर हजारो जर्मन त्या वाटेने गेले. अमेरिकेच्या इतिहासात त्यांना ‘अठ्ठेचाळीसवाले’ म्हणतात. क्लुस न्यूयॉर्कला उतरला आणि १८४९ मध्ये राजधानी वॉशिंग्टनला आला. तेथे प्रथम किनारा सर्वेक्षण खात्यात, नंतर आरमाराच्या गोदीत आणि अर्थखात्याच्या इमारत विभागात त्याने नकाशे काढण्याची नोकरी केली. दिवसा सरकारी आराखडे आणि रात्री लंडनला मार्क्सकडे पत्रे, असा त्याचा क्रम काही वर्षे चालला. मार्क्सचे लेख अमेरिकेतील जर्मन वृत्तपत्रांत छापवून आणण्याच्या कामी त्याने मोठी खटपट केली. १८५५ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. पुढे तीन-चार वर्षांत तो पत्रव्यवहार थांबला. १८५९ मध्ये त्याने लग्न केले आणि लवकरच वास्तुकार म्हणून स्वतंत्र व्यवसाय मांडला.

येथे काही वाचक म्हणतील, की हा तर नेहमीचा प्रकार! तारुण्यात क्रांती आणि तिशीनंतर संसार. मलाही प्रथम तसेच वाटले. पण पुढच्या पंचवीस वर्षांत त्याने काय बांधले ते पाहिल्यावर माझे मत बदलले.

त्या वेळचे वॉशिंग्टन हे आजचे वॉशिंग्टन नव्हे. संसदभवनाचा घुमट अपुरा, रस्ते पावसाळ्यात चिखलाचे आणि उन्हाळ्यात धुळीचे, शहराच्या मध्यातून वाहणारा कालवा म्हणजे उघडे गटार. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात सैनिक, कारकून आणि गुलामगिरीतून सुटलेली काळी माणसे यांची तेथे रीघ लागली. शहर आणि आसपासचा प्रदेश मिळून १८६० मध्ये लोकसंख्या ७५,०८० होती. १८७० मध्ये ती १,३१,७०० झाली. एवढ्या लोकांच्या मुलांना शाळा कोठून आणावयाच्या? सार्वजनिक शाळा तोपर्यंत भाड्याच्या आणि गैरसोयीच्या खोल्यांत भरत.

क्लुसने आपल्या भागीदारासह १८६४ मध्ये वॉलाक शाळा बांधली आणि १८६९ मध्ये फ्रँकलिन शाळा. फ्रँकलिन शाळेचा आराखडा पाहण्यासारखा आहे. वर्गखोल्यांना उंच व रुंद खिडक्या, उजेड भरपूर, हवा खेळती; मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र दारे व जिने; आणि वरच्या मजल्यावर मोठे सभागृह. जी सोय तोवर श्रीमंतांच्या खासगी शाळांत मिळे, ती येथे सामान्य नागरिकाच्या मुलाला मिळाली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात या शाळेची प्रतिकृती मांडली गेली आणि तिला पदक मिळाले. युरोपने घालवून दिलेल्या पिढीतील एका माणसाची शाळा युरोपला नमुना म्हणून दाखविली गेली, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते. याच इमारतीच्या गच्चीवरून १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या प्रयोगात प्रकाशकिरणांच्या साहाय्याने, तारेवाचून, मानवी आवाज पाठविला गेला.

१८७२ मध्ये त्याने समनर शाळा बांधली. ही शाळा काळ्या मुलांसाठी होती. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झगडलेले सिनेटर चार्ल्स समनर यांचे नाव तिला दिले होते. राजधानीत गुलामगिरी संपून तेव्हा पुरती दहा वर्षे झाली होती. काल ज्यांना वाचावयास शिकविणे हा दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुन्हा मानला जात होता, त्यांच्या मुलांसाठी क्लुसने घड्याळाच्या मनोऱ्याची, प्रशस्त वर्गांची इमारत उभी केली. गोऱ्यांच्या शाळेसाठी जेवढी मेहनत घेतली तेवढीच येथे घेतली. काळ्या विद्यार्थ्यांच्या हायस्कूलचा पहिला पदवीदान समारंभ १८७७ मध्ये याच इमारतीत झाला. परंतु शाळा वेगळी ती वेगळीच. ती भिंत क्लुसला पाडता आली नाही. राजधानीतील शाळांमधील वर्णभेद कायद्याने संपण्यास १९५४ साल उजाडावे लागले. वास्तुकाराची मर्यादा येथे दिसते. आतल्या खोल्या कशा असाव्यात ते तो ठरवू शकतो, दारातून कोणाला सोडावयाचे ते दुसरेच ठरवितात.

शाळांबरोबर मंड्या आल्या. १८७२ मध्ये सेंटर मार्केट आणि १८७३ मध्ये ईस्टर्न मार्केट अशा दोन मोठ्या मंड्या त्याने बांधल्या. भाजी, मांस, मासे विकणाऱ्यांना डोक्यावर छप्पर, वर लोखंडी कैच्या, भोवती मोठ्या खिडक्या. या सगळ्या इमारती लाल विटांच्या होत्या. सरकारी राजधानीची शान पांढऱ्या दगडात असते, हा त्या काळचा समज होता. क्लुसने स्वस्त, टिकाऊ आणि आगीला दाद न देणारी वीट निवडली. त्याच्या तरुणपणाची मते आणि त्याच्या विटा यांचा रंग एकच, अशी कोटी त्याच्यावर नेहमी केली जाते.

आता त्याच्या चरित्रातील कसोटीच्या प्रसंगाकडे वळू.

१८७१ मध्ये वॉशिंग्टनचा कारभार नव्या पद्धतीने सुरू झाला. राष्ट्राध्यक्षाने नेमलेला गव्हर्नर, लोकांनी निवडलेले एक सभागृह आणि शिवाय एक सार्वजनिक बांधकाम मंडळ. या मंडळाची सूत्रे अलेक्झांडर शेपर्ड या धडाडीच्या माणसाच्या हाती होती. ऑक्टोबर १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी क्लुसला मंडळाचा अभियंता सदस्य नेमले. मंडळाने केलेले काम खरोखर अफाट होते. मैलोगणती रस्ते फरसबंद झाले, गटारे घातली गेली, तो घाणेरडा कालवा बुजविण्यात आला, रस्त्यांच्या कडेने सुमारे साठ हजार झाडे लावली गेली. आजच्या वॉशिंग्टनचा सावलीदार चेहरा त्या दोन-तीन वर्षांचा आहे.

पण हिशेब? कर्जाची कायदेशीर मर्यादा एक कोटी डॉलर होती. प्रत्यक्ष बोजा तिच्या दुपटीच्या घरात गेला. कंत्राटे मर्जीतल्यांना मिळतात, मोजमापे फुगविली जातात, असे आरोप होऊ लागले. त्यातच १८७३ मध्ये देशभर आर्थिक अरिष्ट कोसळले. १८७४ मध्ये काँग्रेसने चौकशी समिती नेमली, आणि क्लुस साक्षीला उभा राहिला.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. सहकाऱ्यांची बाजू सावरून घ्यावी आणि पद राखावे, ही सोपी वाट. क्लुसने मंडळाच्या कारभारातील आणि हिशेबातील गैरशिस्त समितीपुढे सांगितली. परिणाम ताबडतोब झाला. ग्रँट यांनी त्याला मंडळावरून दूर केले.

त्याला धुतल्या तांदळासारखा ठरविण्याचा माझा हेतू नाही. तो स्वतः दीड वर्षाहून अधिक काळ त्या मंडळाचा अभियंता होता. जे बिघडले ते त्याच्या डोळ्यांदेखत बिघडले, आणि तो बोलला तो चौकशी लागल्यावर. याहून कडू गोष्ट पुढे आहे. २० जून १८७४ रोजी काँग्रेसने ती सगळी राज्यव्यवस्थाच मोडीत काढली. मंडळाबरोबर लोकांनी निवडलेले सभागृहही गेले. १८६७ पासून मतदान करू लागलेल्या काळ्या नागरिकांचे मत गेले आणि गोऱ्यांचेही गेले. आपला महापौर निवडण्याचा हक्क वॉशिंग्टनच्या लोकांना थेट १९७४ च्या निवडणुकीत परत मिळाला. ज्याने बाविसाव्या वर्षी लोकांच्या हक्कांसाठी जाहीरनाम्यावर सही केली, त्याच्या खऱ्या साक्षीचा शेवट शहराचा मताधिकार जाण्यात व्हावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. मग त्याने गप्प बसावयास हवे होते काय? मला तसे वाटत नाही. चोरी उघड झाली म्हणून सगळ्या घराला कुलूप ठोकले, यात कुलूप ठोकणाऱ्याचा दोष आहे. चोरी सांगणाऱ्याचा नव्हे.

पद गेले तरी काम थांबले नाही. १८७७ मध्ये पेटंट कचेरीला मोठी आग लागली. ती पुन्हा बांधण्याचे काम क्लुस आणि त्याचा नवा भागीदार पॉल शुल्झ यांना मिळाले. स्मिथसोनियन संस्थेसाठी या दोघांनी राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत १८७९ ते १८८१ या काळात बांधली. तिच्यासाठी काँग्रेसने अडीच लाख डॉलर मंजूर केले होते. वीट, लोखंड आणि काच यांची ही प्रशस्त वास्तू पुरी होत असतानाच ४ मार्च १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या पदग्रहणाचा समारंभी मेळावा तेथे भरला. हिशेबाच्या गोंधळात ज्याचे नाव आले होते, त्याने राष्ट्राचे संग्रहालय काटकसरीने बांधून दाखविले. व्यवसायातून निवृत्त झाल्यावर तो काही वर्षे सरकारी इमारतींचा निरीक्षक होता. २४ जुलै १९०५ रोजी वॉशिंग्टनमध्येच तो वारला.

त्यानंतर पांढऱ्या दगडाची फॅशन पुन्हा आली आणि त्याच्या बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या. सेंटर मार्केट १९३१ मध्ये गेले. त्या जागी राष्ट्रीय अभिलेखागार उभे आहे. उरल्या त्या थोड्या इमारती मात्र कामात आहेत. समनर शाळेत शहरातील शाळांचे दप्तर व संग्रहालय आहे. फ्रँकलिन शाळेत २०२० मध्ये भाषेचे संग्रहालय उघडले. ईस्टर्न मार्केटला एप्रिल २००७ मध्ये आग लागली. छप्पर गेले, पण क्लुसच्या भिंती उभ्या राहिल्या. डागडुजी होऊन २००९ मध्ये मंडई पुन्हा भरू लागली. २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, वॉशिंग्टन आणि हाइलब्रॉन या दोन्ही गावांनी त्याच्या कार्याचे प्रदर्शन भरविले.

तेव्हा इतिहासात बांधणाऱ्याला जागा आहे. ती त्याच्या भिंतींनी मिळते. पण केवळ भिंतींनी मिळत नाही. टिपण पुरे झाले तेव्हा सुट्टीत घरी गेलो आणि ही हकीकत वडिलांना सांगितली. शाळा, मंडई, संग्रहालय सारे त्यांनी मान डोलवत ऐकून घेतले. मोजमापे फुगविल्याचा भाग आला, तशी त्यांनी हातातली विडी बाजूला ठेवली आणि एवढेच विचारले, “मोजमापाच्या वहीवर सही कुनाची व्हती?”

मी म्हणालो, “अभियंता तोच होता, दादा.”

“मंग बोलला ते बरं केलं,” ते म्हणाले. “पर सही करायच्या आदी बोलला असता तर लई बरं झालं असतं.”

माझ्या टिपणाला सरांनी चांगले गुण दिले. परंतु विषयाचे सार माझ्यापेक्षा वडिलांनी कमी शब्दांत सांगितले, असे मला आजही वाटते. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या कोणत्या ना कोणत्या कचेरीत कागदांवर सह्या करणार आहेत. म्हणून हा लेख.