दुरुस्तीनंतर गाडी सिग्नलला बंद पडते? आधी पार्ट बदलू नका

क्लच प्लेट बदलून गाडी घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी सिग्नलला बंद पडली. सेल्फ मारला, चालू झाली. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. आरपीएमचा काटा ६०० ते १२००मध्ये नाचत होता आणि गाडी उभ्या उभ्या थरथरत होती. मेकॅनिकने फोनवरच निदान केलं: "कॉइल गेली असेल, नाहीतर पेट्रोल पंप." दोन्हींचा मिळून अंदाज अकरा हजार. निघाला काय, तर इंजिनला जाणारा बोटभर रबरी पाइप, काढता-घालताना चिरलेला. बिल दीडशे रुपये.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: कालपर्यंत नीट चालणारी गाडी दुरुस्तीनंतर बिघडली, तर जिथे हात लागला तिथेच आधी बघायचं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना बऱ्याच गाड्यांत बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, अर्थिंगची वायर आणि सेन्सरचे दोन-चार कपलर काढावे लागतात. यातलं एखादं अर्धवट बसलं तरी पुरे. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून कान द्या. 'सूंऽऽ' असा आवाज येत असेल तर कुठूनतरी जादा हवा आत जाते आहे. पाइपाच्या क्लिपा, बॅटरीची टर्मिनलं नजरेखालून घाला. मात्र फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवा.

बॅटरी काढली होती किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली होती, तर आणखी एक शक्यता उरते. इंजिनच्या कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेलं आयडलिंगचं गणित पुसलं गेलेलं असतं किंवा जुळत नसतं. काही गाड्या थोड्या चालल्या की आपोआप सावरतात, काहींना स्कॅनर लावून ते नव्याने शिकवावं लागतं. हे न करताच 'आता थ्रॉटल बॉडीच बदलू' म्हणणारे भेटतात. त्यांना नमस्कार करावा.

गॅरेजला जाण्याआधी दोन दिवस नीट लक्ष द्या. गाडी गार असताना बंद पडते की तापल्यावर? एसी लावल्यावरच का? सीएनजी असेल तर पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर सुतासारखी चालली, तर पेट्रोल पंपाचा खर्च तिथेच वाचला.

आता पैशांचं. मध्यम शहरातल्या बाहेरच्या गॅरेजचे, छोट्या पेट्रोल गाडीचे हे ढोबळ आकडे आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये याहून जास्त धरा. स्कॅनिंग ३०० ते ८००. थ्रॉटल बॉडी सफाई ५०० ते १,५००. साधे स्पार्क प्लग लेबरसह ६०० ते १,०००, इरिडियमचे असतील तर तिप्पट-चौपट. एक इग्निशन कॉइल १,५०० ते ३,०००. पेट्रोल पंपाला पाच हजार सहज लागतात. खर्च याच क्रमाने वर चढायला हवा, उलटा नाही.

स्कॅनिंगचा कोड कागदावर मागा. पी०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त, पी०३०० म्हणजे मिसफायर. कोड फक्त दिशा दाखवतो. सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सरच खराब, असं नसतं. वायर, कपलर तपासल्याशिवाय पार्टला होकार देऊ नका.

तोवर अशी गाडी घाटात नेऊ नका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा लागतो.

आणि जॉब कार्ड, पक्कं बिल, काढलेले जुने पार्ट ताब्यात घ्या. त्याच गॅरेजने चूक निस्तरायला नकार दिला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं, तर दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही.