नवऱ्यासाठी स्वेटर विणताय? आधी हिशेब मांडा

मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात थंडी असते ती पहाटेपुरती. दहा वाजले की अंगावरची लोकर नकोशी होते. म्हणून पुऱ्या बाह्यांचा स्वेटर विणायच्या भानगडीत पडू नका, बिनबाह्यांचा विणा. होडीवर निघताना किंवा मांडव्याहून सकाळच्या लाँचला बसताना वारा झोंबतो तो छातीला. बाह्या गाळल्या की लोकरही वाचते, वेळही.

आता खर्च. छाती 40 इंच असेल तर मध्यम जाडीची साधारण 300 ग्रॅम लोकर लागते. साध्या ॲक्रिलिकचा 100 ग्रॅमचा गुंडा अंदाजे 80 ते 120 रुपयांना पडतो. तीन लागत असतील तर चार घ्या, आणि चारही गुंड्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच पाहा. कमी पडला म्हणून महिन्याने आणलेला ‘तोच’ निळा पाठीवर पट्टा होऊन दिसतो. बॉर्डरसाठी बारीक आणि अंगासाठी जाड अशा सुयांच्या दोन जोड्या दीड-दोनशेत येतात. खाऱ्या हवेत गंजणार नाहीत अशा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या किंवा बांबूच्या घ्या. एकूण पाच-सहाशे रुपये झाले. मेरिनो घ्यायची तर एवढ्यात एक गुंडाही कदाचित यायचा नाही. सूत घामाला बरं, पण ते जड असतं, वजनाने जास्त लागतं आणि बॉर्डर लोंबते.

होडीवर चूल पेटत असेल तर मात्र ॲक्रिलिक नको. ते आगीजवळ वितळून अंगाला चिकटतं. तिथे खरी लोकरच घ्या, महाग पडली तरी.

या हिशेबात मजुरी कुठेच नाही. सरावाच्या हातालाही चाळीसेक तास लागतात. तासाला 50 रुपये धरले तरी 2,000 झाले. कुणाकडून विणून घेणार असाल तर मजुरी वजनावर की नगावर, आणि उसवून परत विणायचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारा.

परदेशातल्या विणणाऱ्या बायका ‘स्वेटरच्या शापा’ची गोष्ट सांगतात: प्रियकरासाठी स्वेटर विणायला घेतला की तो पुरा होण्याआधी प्रियकरच सोडून जातो. मला यात शापापेक्षा न विचारता निवडलेला रंग दिसतो. नवऱ्याला विचारा. माप त्याच्या अंगावरून घेऊ नका, रोजच्या सैल शर्टावरून घ्या. आणि तो जाळी दुरुस्त करणारा असेल तर टाका गाळून पुढे जाऊ नका. जाळ्याची फाटलेली आस शोधायची सवय असलेल्या नजरेला तो पहिल्या दिवशीच दिसेल.

पावसाळ्याआधी स्वेटर कडक उन्हात वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून बंद डब्यात ठेवा. नाहीतर ॲक्रिलिकला कुबट वास धरतो आणि खऱ्या लोकरीला कसर लागते.

एवढं करूनही धीर होत नसेल तर कानटोपी विणा. एक गुंडा पुरतो, चार-पाच संध्याकाळी होते, आणि पहाटेच्या होडीवर स्वेटरपेक्षा तीच जास्त वापरात असते.