पंखा डायरेक्ट करण्याआधी

भरलेली गाडी उन्हाळ्यात घाटात तापली, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला : पंखा डायरेक्ट करून टाका. मिस्त्री पंख्याच्या व्हिस्कस क्लचला भोक पाडून बोल्ट आवळतो, नाहीतर वेल्डिंगचे टाके मारतो. पंखा इंजिनाला कायमचा बांधला जातो. वेळ थोडा, खर्च किरकोळ. मी घेतलेल्या जुन्या ट्रकचा पंखा आधीच असा बांधलेला होता, आणि विकताना तो गाडीचा गुण म्हणून सांगितला गेला.

ही गाडी घोडेगावच्या मार्केटमधून कांदा भरून वाशीला जायची. इमामपूर घाट चढून नगर, तिथून कल्याण रोडनं आळेफाटा, मग माळशेज उतरून कल्याण. पंख्याची घरघर केबिनमध्ये बोलू देत नसे. ॲव्हरेज पडलेलं होतं. आणि इमामपूरच्या चढाला तापमानाचा काटा वर जायचा तो जायचाच. ज्या दुखण्यासाठी पंखा बांधला, ते जागच्या जागी होतं.

मोठा दणका चढावर नाही, उतारावर बसला. माळशेजला गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिन ब्रेकवर उतरत होती. आरपीएम चढलेला. पंख्याचं एक पातं तुटून रेडिएटरच्या जाळीत घुसलं. पंख्याचा तोल गेला, त्या हादऱ्यानं वॉटर पंपाचं बेअरिंगही गेलं. माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, ट्रक ओढून न्यावा लागला. पंखा, पंप, रेडिएटर, वर भाड्याचं नुकसान. नव्या क्लचची किंमत या बिलापुढे काहीच नव्हती.

असं का झालं, ते क्लचचं काम समजलं की कळतं. क्लचच्या आत बारीक खाचांच्या चकत्या आणि घट्ट सिलिकॉन ऑइल असतं. समोर बायमेटलची गुंडाळी किंवा पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वळते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल चकत्यांमध्ये शिरतं आणि पंखा जोर धरतो. हवा निवली की ऑइल परत साठ्यात जातं आणि पंखा ढिला पडतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण क्लच पंख्याला आवरतोही. इंजिनाचा वेग फार वाढला की तो जास्त सरकतो आणि पंख्याला ठरावीक वेगापुढे जाऊ देत नाही. पंख्याची पाती त्याच हिशेबानं बनवलेली असतात. उतारावर डिझेल जवळपास जळत नाही, म्हणजे पंख्याची गरजही नसते. बांधलेला पंखा नेमका तेव्हाच सर्वांत जोरात फिरतो.

ॲव्हरेजचा हिशेबही इथेच आहे. पंख्याचा वेग 10 टक्के वाढवला तर हवा 10 टक्केच वाढते, पण त्यासाठी लागणारी ताकद सुमारे 33 टक्के वाढते. वेग दुप्पट केला तर ताकद आठपट लागते. सपाट रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटर गार ठेवत असताना ही ताकद फुकट जाते.

मग गाडी तापत का होती? रेडिएटर उतरवला तेव्हा उत्तर सापडलं. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती आणि उसाच्या पाचटाचा थर बसला होता. समोरून तो दिसतच नाही. नळ्यांत बोअरच्या पाण्याचे क्षार साचले होते. थर्मोस्टॅट कुणीतरी काढून टाकला होता. 'वॉल काढला की पाणी मोकळं फिरतं' हा समज गॅरेजोगॅरेजी ऐकू येतो. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसंच इंजिनात परत फिरतं. हे तिन्ही दोष काढले, नवा क्लच बसवला, आणि त्याच घाटात काटा मध्यावर थांबू लागला.

म्हणून गाडी तापली की या क्रमानं बघा.

आधी इंटरकूलर आणि रेडिएटरमधली घाण काढा. हवा किंवा बेताच्या दाबाचं पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे, सरळ मारा, म्हणजे जाळी वाकणार नाही. पंख्याभोवतीचं श्राउड फुटलेलं असेल तर बदला. त्याशिवाय पंखा रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढत नाही.

मग रेडिएटरचं झाकण. पाणी दाबाखाली असलं की 100 अंशांच्या वर उकळतं. झाकणाचा रबर किंवा स्प्रिंग गेली की हा दाब राहत नाही. गरम असताना झाकण मात्र कधीच उघडू नका. कूलंट कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात घाला, बोअरचं पाणी नको. थर्मोस्टॅट आणि बेल्टचा ताण तपासा.

क्लच सगळ्यांत शेवटी. इंजिन थंड करून, चावी काढून पंखा हातानं फिरवा. थोडा जड फिरला पाहिजे. अगदी मोकळा भिरभिरला, किंवा क्लचवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर ऑइल गळलंय. अजिबात सरकला नाही तर क्लच जाम आहे किंवा कुणीतरी बांधलाय. सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ पंखा गरजला तर घाबरू नका. रात्रभर चकत्यांत उतरलेलं ऑइल परत जायला वेळ लागतो. खराब क्लचमध्ये अंदाजानं ऑइल भरू नका, बायमेटल पिळू नका. नवाच घ्या, आणि ठेवताना उभा ठेवा.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत अनेक ठिकाणी क्लच ईसीयूच्या हुकमावर चालतो. तिथे पंखा बांधला की चेक लाइट लागायची शक्यता असते.

चढाला गिअर लवकर पाडा. इंजिन दबून चाललं की वॉटर पंप आणि पंखा दोन्ही मंद होतात.

रस्त्यात क्लच गेलाच आणि गॅरेज गाठण्यापुरता पंखा बांधावा लागला, तर बांधा. आरपीएम कमी ठेवा, उतार हळू उतरा, आणि पोचल्यावर पुढचं भाडं घेण्याआधी क्लच बदला.